प्रचारातील भावना आणि मतदाराचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला आहे तो 'निवडणूक प्रचार : भावना की मुद्दे?' असा. विषय उत्तम आहे. पण त्यातल्या 'की' या एका अक्षराशी माझे भांडण आहे. आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गात एक समज फार घट्ट रुजलेला आहे. खेड्यातला किंवा वस्तीतला मतदार भावनेवर मत देतो आणि आपण मात्र मुद्दे तपासून, असा तो समज. तो जोपासण्यात आमच्या वृत्तपत्रव्यवसायाचाही मोठा वाटा आहे. निवडणूक हरलेला पक्ष 'लोक भावनेच्या आहारी गेले' असे म्हणतो, जिंकलेला पक्ष 'लोकांनी विकासाला कौल दिला' असे म्हणतो, आणि पाच वर्षांनी निकाल उलटला की दोघेही आपापली वाक्ये बदलून घेतात. आम्ही पत्रकार ती दोन्ही वाक्ये इमानेइतबारे छापतो!

मी आज काही निवडणुकांचे दाखले आपल्यापुढे ठेवणार आहे. त्यांतले काही आपल्याला सोयीचे नाहीत. सोयीचे दाखले देण्यासाठी जाहीर सभा असतात. अभ्यासवर्गात गैरसोयीचेच तपासावे लागतात.

प्रारंभ १९७१ पासून करतो. लोकसभेची मुदत संपायला वर्षाहून अधिक काळ होता. डिसेंबर १९७० मध्ये इंदिरा गांधींनी ती विसर्जित करविली. त्यामुळे लोकसभेची निवडणूक बहुतेक राज्यांत विधानसभेपासून वेगळी झाली, आणि रस्ता-विहीर-पाटबंधारे हे स्थानिक विषय बाजूला पडून साऱ्या देशापुढे एकच विषय ठेवणे शक्य झाले. त्यांच्या विरोधात संघटना काँग्रेस, जनसंघ, स्वतंत्र पक्ष आणि संयुक्त समाजवादी पक्ष अशी आघाडी उभी राहिली. आघाडीची घोषणा होती 'इंदिरा हटाओ'. त्यावर पंतप्रधानांचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे : ते म्हणतात इंदिरा हटाओ, मी म्हणते गरीबी हटाओ. निकाल लागला तेव्हा सत्ताधारी काँग्रेसला ३५२ जागा मिळाल्या होत्या. जनसंघ ३५ वरून २२ वर आला, स्वतंत्र पक्ष ४४ वरून ८ वर. संघटना काँग्रेसच्या हाती १६ उरल्या.

'गरीबी हटाओ' ही निव्वळ भावनिक आरोळी होती, तिच्यामागे काही नव्हते, असे आपण अनेक वर्षे म्हणत आलो. ते पुरते खरे नाही. जुलै १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. संस्थानिकांचे तनखे रद्द करणारे विधेयक सप्टेंबर १९७० मध्ये राज्यसभेत अगदी थोडक्यात अडले. मग राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढली गेली आणि तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये रद्द ठरविला. या धोरणांविषयी माझे मत प्रतिकूल आहे, त्यांची किंमत देशाने पुढे वीस वर्षे मोजली. परंतु मतदाराने काही कृती घडताना पाहिली होती, ती कोणी अडविली तेही पाहिले होते, आणि मग घोषणा ऐकली होती. उलट 'इंदिरा हटाओ' या घोषणेत मतदार कोठेच नव्हता. हटविले, पुढे काय? या प्रश्नाला आघाडीतील चार पक्षांची चार उत्तरे होती. स्वतंत्र पक्षाला मुक्त अर्थव्यवस्था हवी होती, संयुक्त समाजवाद्यांना नेमके तिच्या उलट. मतपत्रिका हाती घेतलेल्या माणसाला त्या गोंधळात शिरण्याचे काही कारण नव्हते.

स्वतंत्र पक्षाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण 'मुद्द्यांवरच निवडणूक लढवावी' असे म्हणणाऱ्यांसाठी त्याच्यासारखे उदाहरण नाही. राजाजी, मिनू मसानी ही माणसे बुद्धीने आणि चारित्र्याने श्रेष्ठ होती. १९५९ मध्ये पक्ष निघाला तेव्हापासून परवाने-कोट्यांच्या राज्यावर त्यांनी जे टीकास्त्र सोडले, ते आज वाचले तर १९९१ च्या आर्थिक सुधारणांचा मसुदाच वाटावा. राजाजींनी त्या व्यवस्थेला दिलेले 'लायसन्स-परमिट राज' हे नाव आजही चालते. म्हणजे मुद्दे बरोबर होते, इतके बरोबर की शेवटी ते विरोधकांनी अमलात आणले! पण परवाना हा कारखानदाराचा अनुभव होता. कोरडवाहू शेतकऱ्याला त्याच्या पिकाशी, त्याच्या कर्जाशी परवान्याचा काय संबंध, हे त्याच्या भाषेत सांगणारा माणूस त्या पक्षाकडे गावोगाव नव्हता. शिवाय पक्षात संस्थानिकही होते. त्यामुळे आर्थिक स्वातंत्र्याची बाजू तनख्यांची वकिली भासू लागली. १९७४ मध्ये हा पक्ष भारतीय लोकदलात विलीन झाला. मुद्दा बरोबर असणे पुरेसे नसते, तो कोणाच्या तरी काळजाला लागावा लागतो.

'गरीबी हटाओ'चे पुढे काय झाले? त्या घोषणेत एक क्रियापद होते, आणि ते आज्ञार्थी होते. लोकांनी तोच आज्ञार्थ उलटा फिरविला. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राचे कंबरडे मोडले. त्या काळात मुंबईत मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध स्त्रियांचे मोर्चे काढले. हातात लाटणी आणि थाळ्या. १९७३ च्या अखेरीस अहमदाबादेत वसतिगृहाच्या भोजनाचे दर वाढले म्हणून विद्यार्थी चिडले, त्यातून नवनिर्माण आंदोलन उभे राहिले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये गुजरातच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. लाटणे, थाळी, खानावळीचे बिल. गरीबी हटविण्याचा हिशेब या भाषेत मागितला गेला.

१९७७ ची निवडणूक ही आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याची. या सभागृहातील काही ज्येष्ठांनी त्या काळी तुरुंगवास भोगला आहे. 'लोकशाही की हुकूमशाही' या प्रश्नावर जनतेने कौल दिला, असे आपण सांगतो आणि ते सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे. पण नकाशा पाहा. जनता पक्षाला २९५ जागा मिळाल्या, उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. त्याच वेळी आंध्र प्रदेशात ४२ पैकी ४१ आणि कर्नाटकात २८ पैकी २६ जागा काँग्रेसने जिंकल्या. सेन्सॉरशिप तिकडेही होती, मूलभूत हक्क तिकडेही स्थगित होते. फरक होता तो सक्तीच्या नसबंदीचा. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्या सक्तीचा वरवंटा मुख्यतः उत्तरेत फिरला. तेथे 'हुकूमशाही' हा शब्द समजावून सांगावा लागला नाही. तो घराच्या अंगणात येऊन गेला होता.

त्याच निवडणुकीतली मुंबईची एक घोषणा मला फार आवडते : 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात.' मृणालताई आपल्या विचारांच्या नव्हत्या, पण गुणाला गुण म्हटले पाहिजे. एवढ्याशा वाक्यात उमेदवाराचे नळाच्या पाण्यासाठीचे वर्षानुवर्षांचे काम आहे, राष्ट्रीय प्रश्न आहे, राग आहे आणि विनोदही आहे. यातली भावना कोणती आणि मुद्दा कोणता, ते वेगळे काढून दाखवा!

मी कला शाखेचा विद्यार्थी, म्हणून या ठिकाणी थोडे आडवाटेला जातो. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात रसाचा विचार करताना विभाव सांगितले आहेत आणि पुढील आचार्यांनी त्यांचे दोन प्रकार केले. आलंबन विभाव म्हणजे ज्याच्या आश्रयाने भाव उभा राहतो ती व्यक्ती किंवा वस्तू. उद्दीपन विभाव म्हणजे तो भाव चेतविणारी भोवतीची परिस्थिती. चांदणे, वसंत, कोकिळेचा स्वर. आता रंगमंचावर चांदणे कितीही टिपूर पडले, पण नायिकाच आली नाही, तर शृंगार कोणाविषयी? प्रेक्षक चांदण्याचे कौतुक करील आणि घरी जाईल. प्रचारातील भावनेचेही असेच आहे. तिला आलंबन लागते, आणि ते मतदाराच्या आयुष्यातले असावे लागते.

ही कसोटी घेऊन २००४ कडे या.

त्याच्या आधी पाच महिने, डिसेंबर २००३ मध्ये, मध्य प्रदेश विधानसभेची निवडणूक झाली. दिग्विजयसिंहांची दहा वर्षांची राजवट, खड्ड्यांत हरविलेले रस्ते, तासन्‌तास जाणारी वीज. भाजपच्या प्रचाराचे नेतृत्व उमा भारतींकडे होते. संन्यासिनी आहे, म्हणजे ही मंदिरावरच बोलणार, अशी विरोधकांची अटकळ होती. त्या बोलल्या बिजली, सडक, पानी यांवर. मुख्यमंत्र्यांना त्यांनी 'मिस्टर बंटाढार' म्हटले. हे काही धोरणविषयक विधान नव्हे, चक्क टोमणा आहे. पण तो चिकटला, कारण ऐकणारा माणूस त्याच खड्ड्यांतून सभेला आला होता. भाजपला २३० पैकी १७३ जागा मिळाल्या, काँग्रेसला ३८.

या यशाने दिल्लीत हुरूप आला. लोकसभेची निवडणूक काही महिने आधीच घेण्याचे ठरले. अर्थमंत्रालयाच्या जाहिराती 'इंडिया शायनिंग' या शब्दांनी आधीच झळकत होत्या, हिंदीत 'भारत उदय' होते, आणि 'फील गुड' हा शब्द तर चहाच्या टपरीवर जाऊन पोहोचला. यातली गंमत लक्षात घ्या. अटलजींच्या सरकारकडे सांगण्यासारखी कामे नव्हती, असे मुळीच नाही. सुवर्ण चतुष्कोनाचे काम वेगात होते. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना खेड्यांपर्यंत डांबर नेत होती. दूरध्वनी स्वस्त झाला होता. त्या वर्षीचा आर्थिक विकासदर आठ टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे मुद्दे भरपूर होते. पण जाहिरात काय म्हणत होती? 'तुमच्या गावाला हा रस्ता झाला' असे तिने म्हटले नाही. तुम्हाला आता छान वाटत आहे, असे ती मतदाराला सांगत होती. आपल्याला काय वाटते ते दुसऱ्याने सांगितलेले कोणाला आवडते? २००२ चा पावसाळा भीषण कोरडा गेला होता. त्यातून जेमतेम सावरणाऱ्या शेतकऱ्याने भिंतीवर हसरे चेहरे पाहिले आणि त्यांत आपला चेहरा शोधला. तो नव्हता. सारे चांदणेच होते. काँग्रेसला फार काही करावे लागले नाही. सामान्य माणसाला यातून काय मिळाले, एवढेच तिने विचारले.

भाजप १८२ वरून १३८ वर आला, काँग्रेस १४५ वर गेली. २००४ चा पराभव एका जाहिरातीने झाला, असे मी म्हणणार नाही. द्रमुक आघाडी सोडून गेला आणि तामिळनाडूच्या सर्वच्या सर्व ३९ जागा समोरच्या बाजूला गेल्या. हे गणितही तितकेच निर्णायक होते. परंतु गणित चुकले तर पुढच्या वेळी दुरुस्त करता येते. जाहिरातीने केलेली हानी वेगळी होती. रस्त्यांचे खरे काम दारोदार सांगायला निघालेल्या कार्यकर्त्याच्या हातात तिने असा शब्द दिला की, तो उच्चारताच समोरचा हसू लागे.

भावना आणि मुद्दे यांचा खेळ किती थोड्या काळात पालटतो, हे पाहायचे तर १९९८-९९ ची दिल्ली पाहावी. फेब्रुवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या सातपैकी सहा लोकसभा जागा भाजपने जिंकल्या. ११ आणि १३ मे रोजी पोखरणच्या चाचण्या झाल्या. देशाची मान उंचावली, तो आनंद खरा होता, खोलवरचा होता. त्याच वर्षी अवकाळी पावसाने कांदा गेला. दिल्लीत किलोला पन्नास-साठ रुपये भाव झाला. ऐन निवडणुकीच्या तोंडावर मुख्यमंत्री बदलून सुषमा स्वराज यांना आणावे लागले, सरकारी गाड्यांवरून कांदा विकावा लागला. नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या ७० पैकी १५ जागा भाजपच्या पदरात पडल्या. विश्लेषकांनी निदान केले : लोक पोखरण विसरले, कांदा जिंकला. थांबा. पुढच्या वर्षी कारगिल झाले आणि ऑक्टोबर १९९९ च्या निकालात त्याच दिल्लीने सातही जागा भाजपला दिल्या. लोक काहीच विसरले नव्हते. देशाच्या संरक्षणाचा हिशेब ज्या निवडणुकीत मागायचा तेथे त्यांनी तो मागितला, आणि स्वयंपाकघराचा हिशेब जेथे मागायचा तेथे तो. गोंधळ मतदाराचा नव्हता. एका खात्यावरची रक्कम दुसऱ्या खात्यावर वळती करता येईल, असे समजणाऱ्यांचा होता.

हिमाचल प्रदेशाचे उदाहरण याहून कठोर आहे. १९९० मध्ये तेथे भाजपचे ४६ आमदार निवडून आले. डिसेंबर १९९२ मध्ये अयोध्येची घटना घडली आणि केंद्राने ते सरकार बरखास्त केले. सहानुभूतीची लाट येईल, असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटत होते. पण शांताकुमार सरकारच्या काळात संपकरी कर्मचाऱ्यांना 'काम नाही तर वेतन नाही' हा नियम लागला होता, सफरचंद उत्पादकही नाराज होते. नोव्हेंबर १९९३ मध्ये पक्षाला आठ जागा मिळाल्या. शांताकुमारांचा तो निर्णय प्रशासनाच्या दृष्टीने योग्यच होता, असे माझे मत आहे. पण योग्य निर्णयसुद्धा ज्याच्या पोटाला चिमटा घेतो त्याला समजावून सांगावा लागतो. श्रद्धेचा विषय मोठा आहे म्हणून ते काम आपोआप होत नाही. आणि श्रद्धेवर तो भार टाकणे श्रद्धेलाही न्याय देणारे नाही.

ज्या भावनेचा हिशेबच मागता येत नाही, तिचे उदाहरण मात्र १९८४ चे. इंदिराजींची हत्या झाली, पाठोपाठ दिल्लीच्या रस्त्यांवर हजारो निरपराध शीख बांधवांची कत्तल झाली, आणि आठ आठवड्यांच्या आत निवडणूक. काँग्रेसने व्यावसायिक जाहिरात संस्थेकडून वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. देशाची सीमा तुमच्या उंबरठ्यापर्यंत येईल, शेजाऱ्याविषयी संशय घ्यावा लागेल, अशी भीती त्यांतून घातलेली होती. ज्या समाजावर अत्याचार झाला त्याच्याकडेच संशयाने पाहायला लावणारा तो प्रचार होता. चारशेहून अधिक जागा मिळाल्या. भाजपच्या दोन, अटलजींचाही ग्वाल्हेरला पराभव झाला. एवढे बहुमत कशासाठी मिळाले? भीतीतून मिळालेल्या बहुमताला दिशा नसते. शाहबानो खटल्याच्या निकालाचे आधी समर्थन आणि मग तो फिरविणारा कायदा, ही धरसोड त्यातूनच आली. १९८९ मध्ये काँग्रेस १९७ वर आली. भीती हीसुद्धा भावनाच आहे आणि ती सर्वांत लवकर पेटते, म्हणून प्रचारकाला तिचा मोह सर्वाधिक असतो. मी तुम्हाला मोकळेपणाने सांगतो, हा मोह कोणा एका पक्षाचा नाही.

मग भावना आणि प्रश्न यांची सांगड घालायची कशी? यासाठी महाराष्ट्राला परदेशी पाठ्यपुस्तक उघडण्याची गरज नाही. लोकमान्यांनी १८९३ पासून गणेशोत्सव सार्वजनिक स्वरूपात रुजविला, १८९६ मध्ये रायगडावर शिवजयंतीचा उत्सव झाला. एवढे आपण दरवर्षी सांगतो. पण त्याच १८९६ मध्ये दख्खनमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा टिळकांनी काय केले हे तितक्याच आवडीने सांगत नाही. सरकारचाच 'फॅमिन रिलीफ कोड' होता. दुष्काळात शेतसाऱ्यात सूट, रोजगाराची कामे वगैरे तरतुदी त्यात होत्या, पण शेतकऱ्याला त्यांचा पत्ता नव्हता. पुण्याच्या सार्वजनिक सभेची माणसे त्या तरतुदींची माहिती घेऊन गावोगाव गेली. 'केसरी'ने शेतकऱ्याला सांगितले की, पिकले नसेल तर घरदार विकून सारा भरू नकोस, कायदा तुझ्या बाजूला आहे. सरकारला हे इतके झोंबले की, पुढच्याच वर्षी त्याने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. उत्सव घडविणारा आणि नियमांचे कलम समजावून सांगणारा नेता एकच होता. उत्सवामुळे माणसे एकत्र आली, कलमामुळे त्यांना ताठ उभे राहता आले. आज आपल्याकडे उत्सव सांभाळणारे कार्यकर्ते पुष्कळ आहेत. कलम वाचणारे किती, हे प्रत्येकाने आपल्या नगरापुरते मोजावे.

आता अगदी ताज्या अनुभवाकडे येतो. २०२४ मध्ये महाराष्ट्राने सहा महिन्यांत दोन निकाल दिले आणि ते परस्परविरुद्ध दिसतात. लोकसभेत महायुतीला ४८ पैकी १७ जागा, भाजप २३ वरून ९ वर. नोव्हेंबरमध्ये विधानसभेत महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांना मिळून २३०, त्यांत भाजपच्या १३२.

लोकसभेच्या वेळी 'चारशे पार' ही घोषणा होती. आकडा होता, प्रयोजन नव्हते. चारशे कशासाठी, हे आपण सांगितले नाही. ते विरोधकांनी सांगितले. संविधान बदलण्यासाठी, असे. मार्च महिन्यात भाजपच्याच कर्नाटकातील एका खासदाराने जाहीरपणे तसे बोलून त्यांचे काम सोपे केले; त्याची उमेदवारी कापली गेली, पण वाक्य हवेत राहिले. तो प्रचार खोटा होता, असे आपण म्हणतो. मीही म्हणतो. परंतु डॉ. बाबासाहेबांची तसबीर जेथे देवघराच्या जागी आहे, त्या घराला संविधान म्हणजे काय वाटते, हे ज्याला कळते त्याने 'चारशे'चा अर्थ सांगायला वेळ लावला नसता. आकड्याला आलंबन नव्हते, आणि ते विरोधकांनी पुरविले.

दुसरीकडे कांदा. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी झाली, ती ४ मे २०२४ ला उठली. तीही निर्यातशुल्क आणि किमान निर्यातमूल्य यांच्या अटींवर. तोवर मतदानाचे दोन टप्पे झाले होते. नाशिक-दिंडोरीचे मतदान २० मे रोजी होते, पण शेतकऱ्याचे मन तोपर्यंत झालेले होते. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्र्यांचा पराभव झाला. या बंदीमागे दिल्लीच्या १९९८ च्या आठवणीची सावली असणार, असे मला वाटते. भाव चढला की दिल्लीची गृहिणी रडते, भाव उतरविला की लासलगावचा शेतकरी. दोघांचेही अश्रू खरे. धोरण म्हणजे या दोघांमध्ये निवड करणे, आणि प्रचार म्हणजे जो सोसतो आहे त्याच्यासमोर जाऊन ती निवड का केली हे सांगणे. ते सांगायला कोणी गेलेच नाही.

विधानसभेच्या विजयाचे श्रेय कशाला, यावर कार्यकर्त्यांत अजून वाद चालतो. कोणी 'एक हैं तो सेफ हैं' म्हणतात, कोणी 'लाडकी बहीण'. माझ्या मते हा वादही त्या 'की' या अक्षराचाच आहे. महिन्याला १५०० रुपये हा धोरणाचा भाग. पण शासननिर्णयात त्याला एखादे रुक्ष नाव देऊन पाहा. 'बहीण' म्हटल्याने त्यात जे आले, ते आले नसते. पहिले हप्ते रक्षाबंधनाच्या सुमारास जमा झाले, तो काही योगायोग नव्हता. आणि गावोगाव अर्ज भरून देणारा, आधार-जोडणीसाठी बँकेत सोबत जाणारा कार्यकर्ता या दोन्हींच्या मध्ये उभा होता. घोषणा त्याच्या तोंडून गेली म्हणून तिला वजन आले.

पण या यशातच पुढचा प्रश्न दडलेला आहे. योजनेसाठी २०२४-२५ मध्ये ४६ हजार कोटींची तरतूद जाहीर झाली. हा पैसा कोठून येईल, कोणते काम मागे पडेल, हे प्रचारात कोणीच सांगितले नाही. विरोधकांनी तर ३००० देऊ म्हणून बोली वाढविली. ज्या मध्यमवर्गीय कुटुंबांत हे साप्ताहिक वाचले जाते तेथे 'आमच्या करातून' अशी कुरकुर मी ऐकतो. ती अगदीच निराधार नाही, पण तिला उत्तर 'फुकटेपणा' या शब्दाने देता येणार नाही. पंधराशे रुपये हातात आल्याने ज्या बाईला औषधासाठी नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही, तिचा हिशेब आणि अर्थखात्याचा हिशेब एकाच वहीत मांडायचे धाडस प्रचाराने केले पाहिजे.

जाता जाता मोबाईलवरच्या प्रचाराविषयी. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव छापणे लोकप्रतिनिधित्व कायद्याने बंधनकारक आहे. आपल्यापैकी जुन्या मंडळींना ते छापखान्यातले खिळे जुळवतानाचे दिवस आठवत असतील. पत्रकात चुकीचे काही गेले, तर कोणाच्या दारात जायचे हे गावाला ठाऊक असे. आता कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर येणाऱ्या संदेशाला ना मुद्रक, ना प्रकाशक. तो पुढे ढकलणाऱ्याला त्याची किंमत पडत नाही. पण ती पडते, फक्त उशिरा. संपर्कासाठी तुम्ही ज्यांच्या घरी वर्षानुवर्षे जाता, त्यांनाही तुमच्या नावाने तो संदेश आलेला असतो.

माझी सूचना साधी आहे. पुढच्या निवडणुकीत घोषणा वरून येईल, ती येऊ द्या. पण ती घेऊन बाहेर पडण्यापूर्वी आपल्या शाखेतल्या, आपल्या वस्तीतल्या दहा घरांची नावे लिहा आणि त्या प्रत्येक घरात या घोषणेवर कोणता प्रश्न विचारला जाईल, तो नावापुढे लिहा. कांदा पिकविणारे घर, कांदा विकत घेणारे घर, बाबासाहेबांची तसबीर असलेले घर, मुलगा नोकरीच्या शोधात असलेले घर. उत्तर सापडले नाही तर ते तसेच वर कळवा. कळविणारा कार्यकर्ता बंडखोर ठरणार नाही, एवढी काळजी वरच्यांनी घ्यावी. २००४ मध्ये असे प्रश्न खालून वर गेले असते, तर 'फील गुड' हा शब्द निदान खेड्यात तरी नेला गेला नसता.

आणि सुरुवात हातात असलेल्या प्रश्नापासून करता येईल. विधानसभेच्या प्रचारात १५०० चे २१०० करू असे सांगितले गेले होते. हा आकडा प्रत्येक लाभार्थी भगिनीच्या लक्षात आहे. ती तुम्हाला त्याविषयी विचारणारच. तिला तुम्ही काय सांगता, ते आता प्रश्नोत्तरांत आधी मला ऐकायचे आहे.